ॲप स्टोअरकडून नामंजुरी : कारणे, उपाय आणि पूर्वतयारी

कोलकाता शहरात दुर्गापूजेची तयारी कित्येक महिने आधी सुरू होते. कोलकाता पोलिसांच्या हद्दीत अडीच हजारांहून अधिक सार्वजनिक पूजा भरतात आणि षष्ठीपासून दशमीपर्यंत लाखो लोक मंडप पाहण्यासाठी रात्रभर रस्त्यावर असतात. डिसेंबर २०२१ मध्ये युनेस्कोने या उत्सवाचा समावेश मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केला. मंडपांचे नकाशे, जवळचे मेट्रो स्थानक, वाहनांसाठी बंद असलेले रस्ते यांची माहिती देणारी मोबाइल ॲपही आता या उत्सवाचा भाग झाली आहेत. अशा ॲपचा खरा उपयोग पाच दिवसांपुरता असतो. ते पंचमीच्या दिवशी ॲप स्टोअरने नामंजूर केले, तर त्रुटी किती किरकोळ होती याला फारसा अर्थ उरत नाही. दशमीनंतर मिळालेली मंजुरी त्या वर्षापुरती निरुपयोगीच ठरते.

गणेशोत्सव, पंढरीची वारी, शाळाप्रवेश किंवा निवडणूक अशा कोणत्याही ठरावीक मुहूर्तासाठी ॲप तयार करणाऱ्यांना हीच अडचण येते. सॉल्ट लेकच्या सेक्टर पाचमधील मोठ्या माहिती तंत्रज्ञान कंपन्यांकडे नियमांचा अभ्यास करणारे स्वतंत्र कर्मचारी असू शकतात; दोन-तीन जणांच्या लहान गटाकडे ते नसतात. मात्र बहुतांश नामंजुरी टाळता येण्याजोग्या असतात आणि आलेली नामंजुरी हा क्वचितच अंतिम निकाल असतो. त्यासाठी ही यंत्रणा कशी चालते, हे समजून घेणे आवश्यक आहे.

दोन दुकाने, दोन पद्धती

ॲपल कंपनीचे ॲप स्टोअर १० जुलै २००८ रोजी सुमारे ५०० ॲपसह सुरू झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गुगलचे अँड्रॉइड मार्केट सुरू झाले. मार्च २०१२ मध्ये त्याचे नामकरण गुगल प्ले असे करण्यात आले. ॲपलने परीक्षणाचे लेखी नियम सप्टेंबर २०१० मध्ये जाहीर केले. सध्या हे नियम सुरक्षितता, कार्यक्षमता, व्यवसाय, रचना आणि कायदा अशा पाच विभागांत मांडलेले असून प्रत्येक नियमाला क्रमांक आहे. नामंजुरीच्या पत्रात हाच क्रमांक नमूद केलेला असतो.

ॲपलकडे येणारे प्रत्येक नवे ॲप आणि त्याची प्रत्येक सुधारित आवृत्ती परीक्षणातून जाते. सरासरी ९० टक्के प्रस्तावांचा निर्णय २४ तासांच्या आत होतो, असे कंपनीचे म्हणणे आहे. गुगल प्लेवर स्वयंचलित तपासणी आणि मानवी परीक्षण यांचा एकत्रित वापर होतो. काही खात्यांच्या बाबतीत निर्णयाला सात दिवस किंवा त्याहून अधिक काळ लागू शकतो, अशी पूर्वसूचना गुगलने दिलेली आहे.

नामंजुरीचे प्रमाण मोठे आहे. ॲपलच्या अहवालानुसार २०२२ या वर्षात सुमारे ६१ लाख प्रस्तावांचे परीक्षण झाले आणि त्यांपैकी सुमारे १६ लाख ८० हजार नामंजूर झाले. सर्वाधिक नामंजुरी कार्यक्षमता या विभागातील होत्या. धोरणभंग करणारी २३ लाख ६० हजार ॲप २०२४ मध्ये प्रसिद्धीपूर्वीच रोखल्याचे आणि १ लाख ५८ हजार डेव्हलपर खाती बंद केल्याचे गुगलने जाहीर केले होते.

ही कडक तपासणी का, याचे उत्तर कोलकात्यातच मिळते. ई-नगेट्स या गेमिंग ॲपच्या प्रकरणात सक्तवसुली संचालनालयाने १० सप्टेंबर २०२२ रोजी शहरातील सहा ठिकाणी झडती घेतली आणि १७ कोटी रुपयांहून अधिक रोकड जप्त केली. ॲपवर सुरुवातीला वापरकर्त्यांना मोबदला मिळत होता, शिल्लक रक्कमही सहज काढता येत होती. लोकांनी मोठ्या रकमा गुंतवल्यानंतर मात्र यंत्रणेच्या सुधारणेसारखी कारणे सांगून पैसे काढण्याची सोय बंद करण्यात आली, असे तपास यंत्रणेने म्हटले होते. अनोळखी ॲपकडे संशयाने पाहण्यामागे असे अनुभव आहेत.

दुसऱ्या बाजूला, ॲप ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. करोनाकाळातील बंदीनंतर १४ सप्टेंबर २०२० रोजी कोलकाता मेट्रो सर्व प्रवाशांसाठी पुन्हा सुरू झाली, तेव्हा प्रवासासाठी ई-पास आवश्यक होता आणि तो ‘पथदिशा’ या ॲपवरून काढता येत होता. ॲप वेळेवर उपलब्ध असणे म्हणजे सेवा वेळेवर मिळणे, हे अशा प्रसंगी स्पष्ट होते.

नामंजुरीची प्रमुख कारणे

अपूर्ण ॲप : ॲपलच्या माहितीनुसार प्रलंबित राहणाऱ्या अडचणींपैकी ४० टक्क्यांहून अधिक अडचणी नियम २.१, म्हणजे ॲपच्या पूर्णतेशी संबंधित असतात. ॲप मध्येच बंद पडणे, ‘लवकरच येत आहे’ असे लिहिलेली रिकामी पाने, न उघडणारे दुवे आणि परीक्षकाला न दिलेली माहिती यांचा त्यात समावेश होतो.

भारतीय ॲपच्या बाबतीत यातील दोन कारणे विशेष लक्षात घेण्याजोगी आहेत. पहिले म्हणजे मोबाइल क्रमांकावर येणारा एकवेळचा सांकेतांक, म्हणजेच ओटीपी. परदेशात बसलेल्या परीक्षकाकडे भारतीय सिमकार्ड असेलच असे नाही. त्याला सांकेतांक मिळाला नाही, तर तो पहिल्या पानाच्या पुढे जाऊ शकत नाही आणि ॲप न पाहताच परत पाठवले जाते. यावर उपाय म्हणजे परीक्षणासाठी एक चाचणी क्रमांक आणि त्याचा न बदलणारा सांकेतांक तयार ठेवून तो टिपणीत लिहून देणे.

दुसरे कारण स्थानाशी निगडित आहे. ‘तुमच्या जवळचे मंडप’ दाखवणारे ॲप बागबाजार किंवा गडियाहाट येथे उत्तम चालते. पण परीक्षकाचा फोन हजारो किलोमीटर दूर असल्याने त्याच्यापुढे रिकामा नकाशा येतो. ॲप चालत नाही, असा त्याचा समज होणे स्वाभाविक आहे. स्थान उपलब्ध नसल्यास किंवा ते शहराबाहेरचे असल्यास कोलकात्याचा मध्यवर्ती नकाशा आपोआप दिसेल, अशी व्यवस्था ॲपमध्येच करावी. ती प्रवाशांनाही उपयोगी पडते. ॲप केवळ बंगाली किंवा मराठी भाषेत असल्यास कोणते बटण काय करते, याची इंग्रजी टिपणी आणि वापराची छोटी चित्रफीत सोबत जोडावी.

वेगळेपणाचा अभाव : संकेतस्थळच जसेच्या तसे ॲपच्या चौकटीत बसवले असल्यास ‘किमान उपयुक्तता’ या नियम ४.२ खाली ते परत येते. एकाच साच्यातून नावे बदलून अनेक ॲप सादर केल्यास ४.३ हा नियम लागू होतो. प्रत्येक पूजा समितीसाठी तोच साचा वापरून वेगळे ॲप काढण्याचा मोह यामुळे महागात पडू शकतो. अनेक समित्यांची माहिती एकाच ॲपमध्ये देणे हा अधिक सुरक्षित मार्ग आहे.

अनावश्यक परवानग्या : फोनमधील संपर्क, संदेश, कॉलची नोंद, छायाचित्रे आणि पार्श्वभूमीतील स्थान यांची परवानगी मागताना ती का हवी, हे सिद्ध करावे लागते. संदेश आणि कॉल नोंदींबाबत गुगलने ऑक्टोबर २०१८ मध्ये कडक धोरण जाहीर केले. ॲप बंद असतानाही स्थानाची माहिती घ्यायची असल्यास गुगलकडे स्वतंत्र घोषणापत्र भरावे लागते आणि वापरकर्त्याला ठळक सूचना द्यावी लागते. मंडपाचा रस्ता दाखवण्यासाठी ॲप उघडे असतानाचे स्थान पुरेसे असते. तेवढीच परवानगी मागितल्यास हा प्रश्नच उद्भवत नाही.

माहितीच्या वापराबाबत विसंगती : कोणती माहिती गोळा केली जाते, याचे निवेदन ॲपलने डिसेंबर २०२० पासून आणि गुगलने जुलै २०२२ पासून बंधनकारक केले. जाहिराती दाखवण्यासाठी जोडलेला त्रयस्थ कंपनीचा तयार भाग स्वतःहून माहिती घेत असल्यास त्याचाही उल्लेख निवेदनात हवा. अनेकांची चूक नेमकी येथे होते. ॲपमध्ये खाते उघडण्याची सोय असल्यास ते ॲपमधूनच काढून टाकण्याची सोयही असली पाहिजे. ॲपलने हा नियम ३० जून २०२२ पासून लागू केला आणि गुगलनेही त्यानंतर तसाच नियम केला.

पैशांचे व्यवहार : प्रत्यक्ष वस्तू किंवा सेवा, उदाहरणार्थ टॅक्सीचे भाडे वा भोगाच्या थाळीची किंमत, यूपीआयसारख्या बाह्य मार्गाने घेता येते. ॲपमध्येच वापरायच्या डिजिटल गोष्टींसाठी मात्र साधारणपणे स्टोअरची स्वतःची देयक पद्धत वापरावी लागते. भारतात गुगलने पर्यायी देयक पद्धतीची मुभा दिली असली, तरी त्यावरही शुल्क आकारले जाते. पूजेची वर्गणी, जिला बंगालीत ‘चाँदा’ म्हणतात, हा आणखी नाजूक विषय आहे. ॲपलच्या नियमांनुसार मान्यता मिळालेल्या ना-नफा संस्था वगळता इतरांना धर्मादाय निधी ॲपच्या आत गोळा करता येत नाही. तो ब्राउझर किंवा एसएमएससारख्या बाहेरील मार्गाने स्वीकारावा लागतो.

नाव, चित्र आणि शासकीय माहिती : पोलीस, मेट्रो किंवा शासनाचे बोधचिन्ह परवानगीशिवाय वापरल्यास ॲप तोतयेगिरीच्या सदरात मोडू शकते. शासनाशी संबंध नसताना शासकीय माहिती देणाऱ्या ॲपने तिचा अधिकृत स्रोत दाखवावा आणि आपण शासनाचे प्रतिनिधी नसल्याचे स्पष्ट करावे, असे गुगलचे धोरण आहे. कोलकाता पोलीस दरवर्षी पूजेचा मार्गदर्शक नकाशा प्रसिद्ध करतात. त्यातील माहिती घेताना ही काळजी आवश्यक ठरते. मंडपांची छायाचित्रे इतरांच्या पानांवरून उचलू नयेत.

लोकांनी टाकलेला मजकूर : वापरकर्त्यांना छायाचित्रे किंवा अभिप्राय टाकता येत असल्यास आक्षेपार्ह मजकूर गाळण्याची, त्याविरुद्ध तक्रार करण्याची आणि त्रासदायक व्यक्तीला रोखण्याची सोय असावी लागते. या सोयी नसल्यास ॲपलचा नियम १.२ लागू होतो.

नामंजुरी, काढून टाकणे आणि निलंबन

या तीन शब्दांत मोठा फरक आहे. गुगलच्या पद्धतीत नामंजुरी म्हणजे नवे ॲप किंवा नवी आवृत्ती प्रसिद्ध न होणे. आधीची मंजूर आवृत्ती असल्यास ती सुरूच राहते आणि खात्याच्या प्रतिष्ठेवर परिणाम होत नाही. ॲप काढून टाकल्यास ते दुकानातून दिसेनासे होते. सुधारित आवृत्ती मंजूर झाल्यावर ते परत येऊ शकते. निलंबन मात्र खात्यावरील ठपका समजला जातो आणि असे प्रकार वारंवार झाल्यास खातेच बंद होते. त्या खात्याशी संबंधित इतर खातीही मग अडचणीत येतात.

प्रसिद्ध झालेले ॲप काढले गेल्यानंतर ते परत मिळवणे किती कठीण असते, हे ॲपलच्या आकडेवारीतून दिसते. २०२२ मध्ये सुमारे १ लाख ८६ हजार ॲप काढण्यात आली, त्याविरुद्ध सुमारे १८ हजार अपिले झाली आणि परत आलेल्या ॲपची संख्या सहाशेच्या आसपास होती. याउलट, परीक्षणात नामंजूर होऊन त्याच वर्षात पुढे मंजूर झालेल्या प्रस्तावांची संख्या अडीच लाखांहून अधिक होती. प्रसिद्धीपूर्व नामंजुरी ही दुरुस्तीची संधी असते, ती याच अर्थाने.

नकार आल्यावर काय करावे

सर्वप्रथम पत्र पूर्ण वाचावे. नियमाचा क्रमांक, सोबतचे पडद्याचे छायाचित्र आणि परीक्षकाने वापरलेल्या फोनचा प्रकार यांची नोंद घ्यावी. ॲपलच्या नियमांत त्या क्रमांकाखालील मूळ मजकूर वाचावा. पत्रातील सारांशावर विसंबून राहू नये.

त्यानंतर तीन शक्यतांपैकी कोणती लागू पडते, हे ठरवावे. ॲपमध्ये खरीच त्रुटी असल्यास ती दुरुस्त करून, काय बदलले हे थोडक्यात लिहून पुन्हा सादर करावे. परीक्षकाचा गैरसमज झाला असल्यास नवी आवृत्ती न पाठवता त्याच पत्रव्यवहारात चित्रफितीसह उत्तर द्यावे. नियम लावण्यातच चूक झाली आहे, असे वाटत असल्यास अपील करावे. ॲपलकडे त्यासाठी परीक्षण मंडळ आहे. गुगलकडे अपिलाचा स्वतंत्र अर्ज आहे. अपिलात संताप किंवा झालेल्या नुकसानीचे वर्णन उपयोगी पडत नाही. नियमाचे शब्द आणि त्यासमोर ॲपमधील वस्तुस्थिती, एवढेच मुद्दे असावेत.

आधीपासून प्रसिद्ध असलेल्या ॲपमध्ये तातडीची दुरुस्ती करायची असल्यास आणखी एक सवलत आहे. कायदेशीर बाबी वगळता अन्य नियमभंगामुळे दोषदुरुस्तीची आवृत्ती अडवली जाणार नाही, असे ॲपलने जून २०२० मध्ये जाहीर केले होते. ठरावीक दिवसाच्या कार्यक्रमासाठी जलद परीक्षणाची विनंतीही करता येते; मात्र ती खऱ्या निकडीपुरतीच राखून ठेवावी.

काही गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात. काहीही न बदलता तेच ॲप पुन्हा पुन्हा पाठवणे, परीक्षणाच्या वेळी एखादी सोय लपवून ती नंतर सुरू करणे आणि दुसऱ्याच्या नावाने नवे खाते उघडणे हे तिन्ही मार्ग किरकोळ त्रुटीचे रूपांतर कायमच्या बंदीत करू शकतात.

मोठ्यांनाही नकार

नामंजुरी केवळ लहान डेव्हलपरच्या वाट्याला येते असे नाही. त्रासदायक कॉल आणि संदेशांची तक्रार करण्यासाठी भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, २०१६ मध्ये ‘डीएनडी’ हे ॲप अँड्रॉइडवर आणले. त्याला फोनमधील कॉल आणि संदेशांच्या नोंदी वाचाव्या लागत. गोपनीयतेच्या कारणावरून ॲपलने त्यास मान्यता दिली नाही आणि हा वाद दोन वर्षे चालला. जुलै २०१८ मध्ये ट्रायने नवे विनियम काढले. अशा ॲपला वाव न देणाऱ्या फोनची दूरसंचार जाळ्यावरील नोंदणी रद्द करण्याची तरतूद त्यात होती. अखेर ॲपलच्या आयओएस १२ या प्रणालीत वापरकर्त्याने स्वतः निवडलेला कॉल किंवा संदेश कळवण्याची सोय आली आणि २०१८ च्या अखेरीस ट्रायचे ॲप आयफोनवर उपलब्ध झाले. सर्व नोंदी वाचण्याऐवजी आवश्यक तेवढीच नोंद घेणे, हा यातून निघालेला मार्ग होता.

पेटीएम हे ॲप १८ सप्टेंबर २०२० रोजी गुगल प्लेवरून काढण्यात आले. क्रिकेटशी जोडलेल्या कॅशबॅक योजनेवरून जुगारविषयक धोरणाचा मुद्दा उपस्थित झाला होता. ती योजना मागे घेतल्यावर काही तासांतच ॲप परत आले. १ मार्च २०२४ रोजी सेवाशुल्काच्या वादातून शादी डॉट कॉम, भारत मॅट्रिमोनी, नोकरी डॉट कॉम यांसह काही भारतीय कंपन्यांची ॲप काढण्यात आली आणि केंद्र सरकारच्या मध्यस्थीनंतर ती पुन्हा उपलब्ध झाली. देयक धोरणांबाबत भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गुगलला ९३६ कोटी ४४ लाख रुपयांचा दंड ठोठावला होता. राष्ट्रीय कंपनी कायदा अपिलीय न्यायाधिकरणाने मार्च २०२५ मध्ये तो सुमारे २१६ कोटी ६९ लाखांपर्यंत कमी केला. दुकानाच्या मालकाने किती नियम लादावेत, हा प्रश्न त्यामुळे न्यायालयीन पातळीवर गेला आहे. मोठ्या कंपन्यांना असा लढा देता येतो. पाच दिवसांच्या उत्सवासाठी ॲप करणाऱ्याला मात्र वेळापत्रकावरच भिस्त ठेवावी लागते.

वेळापत्रक मागून पुढे आखावे

महालया ही षष्ठीच्या सुमारे आठवडाभर आधी येते. त्या दिवशी ॲप लोकांच्या हाती असावे, असे उद्दिष्ट ठेवून मागे मोजत जाणे सोयीचे ठरते. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक गुगल प्ले खात्यांना प्रसिद्धीपूर्वी सलग १४ दिवस बंदिस्त चाचणी घ्यावी लागते. त्यासाठी सुरुवातीला किमान २० चाचणीकर्ते लागत. डिसेंबर २०२४ मध्ये ही संख्या १२ करण्यात आली. चाचणीनंतर प्रसिद्धीच्या परवानगीचा अर्ज आणि मग प्रत्यक्ष परीक्षण, या दोन्हींसाठी प्रत्येकी आठवडा धरल्यास सुमारे चार आठवडे होतात. एका नामंजुरीची आणि दुरुस्तीची मुदत मिळवल्यास महालयेच्या सहा आठवडे आधी ॲप तयार असणे श्रेयस्कर. संस्थेच्या नावाने खाते काढल्यास ही चाचणीची अट लागू होत नाही. मात्र संस्थेच्या ओळखीसाठी डन्स क्रमांक लागतो आणि तो मिळवण्यासही वेळ द्यावा लागतो. ॲपलचे सदस्यत्व वार्षिक ९९ डॉलरचे असून गुगलचे नोंदणीशुल्क एकदाच २५ डॉलर आहे.

ॲप सादर करण्यापूर्वी पुढील बाबी पडताळून पाहाव्यात. चाचणी क्रमांक आणि सांकेतांक टिपणीत दिला आहे काय? शहराबाहेरून ॲप उघडल्यास पडदा रिकामा राहतो काय? मागितलेली प्रत्येक परवानगी प्रत्यक्षात वापरली जाते काय? गोपनीयता धोरणाचा दुवा उघडतो काय? खाते काढून टाकता येते काय? वर्णनातील चित्रे सध्याच्या आवृत्तीचीच आहेत काय? परीक्षण चालू असताना सर्व्हर सुरू राहील काय? ॲपशी संबंध नसलेल्या, परगावच्या एखाद्या परिचिताला फोनवर ॲप देऊन, तोंडी काहीही न सांगता ते वापरण्यास सांगावे. तो जेथे अडतो, बहुधा तेथेच परीक्षकही अडतो.

मंडपांची यादी, रस्त्यांतील बदल आणि गर्दीची माहिती अखेरच्या दिवसांपर्यंत बदलत राहते. असा मजकूर ॲपमध्ये पक्का न बसवता सर्व्हरवरून आणल्यास प्रत्येक बदलासाठी नव्या परीक्षणाची गरज पडत नाही. ॲपचे स्वरूप किंवा कार्य मात्र मंजुरीनंतर अशा मार्गाने बदलू नये. दोन्ही दुकानांच्या नियमांत त्यास मनाई आहे.